मनःशांती आणि अनुताप

‘अस्वस्थ’ या मराठी शब्दाचे वर्तन मोठे विलक्षण आहे. रुग्ण अस्वस्थ आहे असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात काळजी उत्पन्न होते. परंतु एखाद्या लेखकाला अथवा सुधारकाला अस्वस्थ मनाचा माणूस म्हटले, की तो त्याचा गौरव समजला जातो. पहिल्या ठिकाणी अस्वस्थता हे व्याधीचे लक्षण असते, दुसऱ्या ठिकाणी जाग्या विवेकाचे. ‘स्वस्थ’ या शब्दाचीही तीच गत आहे. स्वतःच्या ठायी स्थिर असलेला तो स्वस्थ, हा त्याचा व्युत्पत्तीने येणारा थोर अर्थ. आणि करावयाचे ते न करता स्वस्थ बसणे, हा नित्याच्या बोलण्यातला अर्थ. भाषेने जपलेली ही द्व्यर्थता सहज घडलेली नाही. मनाची प्रत्येक वेदना बरी करण्याजोगी असते काय, किंबहुना ती बरी करावी काय, असा एक जुना नैतिक प्रश्न तिच्या पोटात दडलेला आहे. ध्यानसाधनेचा मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम तपासणाऱ्या आधुनिक संशोधनाने हाच प्रश्न नव्या रूपात पुढे आणला आहे.

ध्यानाला प्रयोगशाळेत नेण्याची कल्पना केवळ पाश्चात्त्यांची नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना केली आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून यौगिक क्रियांची शरीरशास्त्राच्या अंगाने केलेली परीक्षा प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. योगाला श्रद्धेचा आधार आहेच, आता त्याला मोजमापाचाही आधार मिळावा, अशी त्यामागील भूमिका होती. १९६१ साली बी. के. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख घेऊन, ध्यानावस्थेत काहींच्या मनावर बाह्य उद्दीपनांचा परिणाम होत नसल्याचे नोंदविले. १९७५ साली हर्बर्ट बेन्सन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाने ध्यानातून शरीराला मिळणाऱ्या विश्रांतीचे विवेचन करणारा ग्रंथ लिहिला. तथापि ध्यानाला उपचाराचे निश्चित रूप लाभले ते १९७९ साली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जॉन कॅबट-झिन यांनी दीर्घकालीन वेदनांनी गांजलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम आखला. आठवड्यातून एक दिवस अडीच तास एकत्र बसणे, घरी रोज पाऊण तास अभ्यास आणि मध्ये एक पूर्ण दिवस मौन, असे त्याचे स्वरूप होते. त्यातील साधना बौद्ध परंपरेतून आलेली होती. परंतु अभ्यासक्रमात बुद्धाचे नाव नव्हते, शरणागती नव्हती, व्रतही नव्हते. कोणत्याही धर्माच्या अथवा कोणताही धर्म न मानणाऱ्या रुग्णाला तो घेता यावा, हा त्यामागील हेतू निर्मळ होता.

या बीजातून पुढे जे पीक आले त्याची परीक्षा दोन्ही बाजूंनी केली पाहिजे. झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी ही साधना नैराश्याच्या रुग्णांसाठी जुळवून घेतली. नैराश्यातून बाहेर आलेल्या १४५ रुग्णांवर त्यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये व्याधी उलटण्याचे प्रमाण, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ६६ टक्के होते. साधना शिकलेल्यांत ते ३७ टक्क्यांवर आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ४२४ रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात, दोन वर्षांच्या अवधीत साधनेच्या गटातील ४४ टक्के आणि औषधे चालू ठेवणाऱ्या गटातील ४७ टक्के रुग्णांना व्याधी पुन्हा झाली. म्हणजे दोहोंत अर्थपूर्ण अंतर राहिले नाही. चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवरील एका अमेरिकन अभ्यासात २०२२ साली असे दिसून आले, की आठ आठवड्यांची साधना ही एस्सिटॅलोप्राम या प्रचलित औषधापेक्षा कमी प्रतीची ठरत नाही. या आकड्यांमागे माणसे आहेत. पहाटे जाग येताच छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे ज्याने वर्षानुवर्षे सोसले आहे, त्याच्या दृष्टीने व्याधी न उलटणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे निराळे सांगावयास नको. ध्यानाच्या व्यवहारीकरणावर टीका करणाऱ्याने प्रथम या माणसांसमोर उभे राहून आपली टीका तपासून पाहिली पाहिजे.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. २०१४ साली ४७ चाचण्यांचा आणि ३५१५ सहभागी व्यक्तींचा एकत्र आढावा घेण्यात आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा मध्यम स्वरूपाचा उपयोग होतो, परंतु व्यायाम, औषधे अथवा अन्य मानसोपचार यांहून ते सरस असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आठ आठवड्यांत मेंदूची रचनाच बदलते अशी जी ग्वाही २०११ नंतर सर्वत्र दिली जात होती, तिला २०२२ साली झालेल्या अधिक काटेकोर अभ्यासाने दुजोरा दिला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक शालेय मुलामुलींवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष बाहेर आले. शाळेत सर्वांना सरसकट शिकविलेल्या या साधनेचा, नेहमीच्या शालेय कार्यक्रमांच्या तुलनेत, मुलांच्या मानसिक आरोग्याला अधिक लाभ झालेला आढळला नाही. ध्यानामुळे काहींना भीती, भ्रम, अथवा स्वतःपासून तुटल्याची भावना यांचाही अनुभव येतो, हे २०१७ पासून पद्धतशीरपणे नोंदले जाऊ लागले. २०२० साली ८३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा अशा प्रतिकूल अनुभवांचे प्रमाण सुमारे आठ टक्के आढळले.

या शेवटच्या गोष्टीने आधुनिक वाचक चकित होतो. जुन्या परंपरेच्या अभ्यासकाला चकित होण्याचे कारण नाही. पाली वाङ्मयात वैशालीचा एक प्रसंग आहे. शरीराच्या अशुभत्वावर ध्यान करण्याचा उपदेश ऐकून भिक्षू त्या साधनेत मग्न झाले, आणि बुद्ध पंधरा दिवस एकांतात असताना त्यांच्यापैकी अनेकांनी देहाच्या तिटकाऱ्याने आपले जीवन संपविले. परत आल्यावर संघ रोडावलेला पाहून बुद्धाने कारण विचारले आणि त्यांना आनापानस्मृती, म्हणजे श्वासोच्छ्वासावरील अवधान, शिकविले. परंपरेने हा प्रसंग लपविला नाही, विनयपिटकासारख्या मूलग्रंथात नोंदवून ठेवला, ही बाब विचार करण्याजोगी आहे. ध्यान हे बलवान द्रव्य आहे, ते सर्वांना एकाच मात्रेत देता येत नाही, ही जाण त्या नोंदीत आहे. ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषाच्या ग्रंथात माणसांच्या प्रकृतीचे सहा प्रकार सांगून, चाळीस ध्यानविषयांपैकी कोणता विषय कोणाला द्यावा याचे विवेचन केले आहे. गोमंतकातून निघून सिलोन आणि ब्रह्मदेशापर्यंत बुद्धधर्माचा शोध घेत गेलेल्या धर्मानंद कोसंबींनी या ग्रंथाच्या संपादनासाठी आयुष्यातील कितीतरी वर्षे वेचली, हे मराठी वाचकाला अपरिचित नाही. त्या ग्रंथाचा क्रमही मननीय आहे: आधी शील, नंतर समाधी, शेवटी प्रज्ञा. ध्यान मध्यभागी आहे. ते आरंभही नाही आणि अंतही नाही.

योगपरंपरेचा निर्वाळा याहून वेगळा नाही. पतंजलीने चित्ताला विक्षेप आणणारे जे नऊ अंतराय सांगितले, त्यांत पहिला व्याधी आहे. म्हणजे तेथे रोग हा योगाच्या वाटेवरील अडथळा आहे. तो दूर व्हावयाचा तो योग साधावा म्हणून. आधुनिक उपचारपद्धतीने हा संबंध उलटा केला: येथे योग साधावयाचा तो रोग दूर व्हावा म्हणून. जे साधन होते ते साध्य झाले आणि जे साध्य होते ते साधन. या उलटापालटीमुळे काही बिघडतेच असे मात्र नाही. पोहणे माणूस नदी ओलांडण्यासाठी शिकतो, बुडू नये म्हणूनही शिकतो. प्रश्न निर्माण होतो तो साधनेचे माप केवळ साधकाच्या सुखदुःखावरून घेतले जाते तेव्हा.

हा प्रश्न कल्पनेतला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात आठ प्रयोगांची हकीकत आली आहे. सहभागी व्यक्तींना, आपण कोणाशी वाईट वागलो आणि त्यामुळे अपराधी वाटले, असा एखादा प्रसंग आठवून लिहावयास सांगण्यात आले. त्यानंतर काहींनी श्वासावर लक्ष ठेवण्याची अल्पकालीन साधना केली, तर इतरांनी मनाला मोकळे भटकू दिले. साधना करणाऱ्यांची अपराधाची बोच कमी झाली. आणि त्याबरोबर, ज्याचे आपण वाईट केले त्याची भरपाई करण्याची त्यांची इच्छाही कमी झाली. ज्यांना मात्र श्वासाऐवजी मैत्रीभावनेचे ध्यान करविले गेले, त्यांच्यात भरपाईची वृत्ती श्वासावधान करणाऱ्यांपेक्षा अधिक दिसली. हे प्रयोग लहान आहेत आणि काही मिनिटांच्या साधनेवरून वर्षांच्या साधनेविषयी निकाल देणे धाडसाचे होईल. परंतु त्यांनी एका दुर्लक्षित स्थानी बोट ठेवले आहे. आरोग्याची प्रश्नावली ध्यान करणाऱ्याला विचारते, की तुझे मन हलके झाले काय. ज्याचे त्याने नुकसान केले, त्याला ती काहीच विचारत नाही.

मराठी संतवाङ्मयाच्या परंपरेत वाढलेल्या मनाला येथे एकदम थबकावे लागते. या परंपरेत अनुताप हा परमार्थाचा दरवाजा आहे. दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशा चार अवस्था वर्णिल्या आहेत. बद्धाचा मुमुक्षू होतो तो कोणत्या क्षणी? तर आपले दोष आठवून तो आतून पोळतो त्या क्षणी. वाल्या कोळ्याच्या लोककथेतही नामस्मरणाच्या आधी एक प्रश्न आहे: माझ्या पापाचे वाटेकरी तुम्ही होणार काय, असे तो घरच्यांना विचारतो आणि नकार ऐकून त्याचे काळीज हलते. ही हालचाल झाल्यावाचून नुसता जप त्याला दिला असता, तर एक शांत वाटमारी करणारा तेवढा निर्माण झाला असता. तुकोबांच्या अभंगांतील आत्मनिंदा ज्याने सावकाश वाचली आहे, त्याला ती बरी करण्याची इच्छा होणार नाही.

परंतु येथेच घाईने निकाल देण्याचा मोह आवरला पाहिजे. नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णाच्या मनातही अपराधभाव असतो, आणि तो अनुताप नसतो. आपल्यामुळे सारे बिघडले, आपण जगण्यास नालायक आहोत, असे त्याला वाटते. त्याने कोणाचेही काही बिघडविलेले नसते. तेथे कोणती भरपाई करावयाची? २००० सालच्या प्रयोगातील एक तपशील या संदर्भात उद्बोधक आहे. ज्यांना पूर्वी केवळ दोनच झटके आले होते, त्यांना साधनेचा लाभ झाला नाही. २००४ साली ७५ रुग्णांवर झालेल्या पुढील अभ्यासाने याच निष्कर्षाला पुष्टी दिली आणि आणखी एक गोष्ट दाखविली: बाहेरचा एखादा मोठा आघात न होता जी व्याधी पुन्हा उद्भवते, तिला रोखण्यातच ही साधना सर्वाधिक परिणामकारक ठरते. याचा अर्थ असा लावता येतो, की वारंवार नैराश्य येऊन गेलेल्या मनात उदासीची एक पायवाट पडते. थोडेसे खिन्न वाटले तरी मन त्या वाटेने आपोआप चालू लागते. विचार हा विचार आहे, वस्तुस्थिती नव्हे, असे पाहण्याची सवय या वाटेवरून मनाला परत फिरविते. दुःखाचे मूळ जेव्हा मनाच्या स्वतःच्या चालीत असते, तेव्हा मनाला वळण लावणे हाच योग्य उपाय होय.

तथापि ‘मी नालायक आहे’ आणि ‘मी त्याला फसविले’ ही दोन वाक्ये एका जातीची नाहीत. पहिले वाक्य मनाने रचलेले आहे; दुसऱ्यामागे एक घटना आहे आणि त्या घटनेच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा आहे. दुसऱ्या वाक्यालाही केवळ एक विचार समजून श्वासाबरोबर सोडून देणे, हे सत्याशी प्रतारणा करणे होय. आधुनिक व्याख्येने सजगतेत वर्तमान क्षणाला आणि निवाडा न करण्याला जे सर्वोच्च स्थान दिले, त्यामुळे हा भेद पुसट होण्याचा संभव निर्माण झाला. वस्तुतः ज्या पाली शब्दाला रीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी पर्याय वापरला, तो शब्द ‘सति’ आहे, आणि सति म्हणजे स्मृती. आठवण हा अर्थ त्याच्या मुळाशी आहे. ज्याला केवळ वर्तमान क्षण आहे, त्याला अनुताप नाही, ऋण नाही आणि दिलेले वचनही नाही.

अभिधर्माच्या पंडितांना हा भेद पूर्णपणे माहीत होता. त्यांनी पश्चात्तापाची कुढ, जिला ते कुक्कुच्च म्हणतात, ध्यानाच्या पाच आवरणांत गणली. ती मनाला झाकून टाकते, म्हणून त्याज्य. पण त्याच वेळी हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे दुष्कृत्याची लाज आणि त्याच्या परिणामांची भीती, यांना त्यांनी कुशल चित्ताचे धर्म मानले. एवढेच नव्हे, तर स्मृती ज्या शोभन चित्तात उत्पन्न होते, तेथे ही दोन्ही तिच्या बरोबरच असतात, असे त्यांचे वर्गीकरण सांगते. या दृष्टीने पाहता, लाज आणि भय वजा करून उरते ते अवधान असेल, एकाग्रता असेल. सम्यक् स्मृती नव्हे. निशाणा साधणाऱ्या सैनिकाजवळ आणि खिसा कापणाऱ्या भामट्याजवळही अवधान असते. परंपरेने ‘सम्यक्’ हे विशेषण जोडले आणि मिथ्या स्मृतीचाही उल्लेख केला, तो उगाच नव्हे.

व्यक्तीच्या बाबतीत जे खरे, ते समाजाच्या बाबतीत अधिक तीव्रतेने खरे आहे. दुःखाचे कारण व्यवस्थेत असताना त्याचा उपाय पीडिताच्या मनात शोधणे, हा अन्यायच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात बुद्धविचाराची जी मांडणी केली, तिच्यात माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाला केंद्रस्थान आहे. केवळ तृष्णेच्या क्षयाकडे बोट दाखविणारी व्याख्या त्यांना अपुरी वाटली. कामगाराला दिवसाचे चौदा तास राबवून घेणाऱ्या कंपनीने त्याच्यासाठी ध्यानवर्ग उघडावा, आणि तरीही त्याचे मन निवत नसेल तर दोष त्याच्या अभ्यासाचा मानावा, हा प्रकार या कसोटीला उतरत नाही. मात्र याचीही दुसरी बाजू आहे. १९९४ साली दिल्लीच्या तिहार कारागृहात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेनुसार एक हजारांहून अधिक बंदिवानांनी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. त्याआधी १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर ही साधना नियमित शिकविली जात होती. त्या शिबिरांत साधनेचा आरंभ पंचशीलाच्या स्वीकाराने होतो. तेथे येणाऱ्याकडून मनःशांती मागण्याआधी हिंसा, चोरी आणि असत्य सोडण्याचे वचन घेतले जाते. बंदिवानाच्या बाबतीत या क्रमाला वेगळाच अर्थ प्राप्त होतो.

यावरून आरोग्यसंस्थांनी रुग्णाला आधी शील शिकवावे आणि मग औषध द्यावे, असे सुचविणे हास्यास्पद ठरेल. वैद्याने रोग्याची नीती तपासू नये, हा वैद्यकाचा जुना आणि उदात्त दंडक आहे. वेदना थांबविण्यासाठी दिलेले ध्यान ज्याची वेदना थांबविते, त्याच्यापुरते ते सार्थक आहे. मागणी एवढीच करता येते, की उपचाराने आपल्या मर्यादेला मर्यादा म्हणावे. शांत झालेले मन हे चांगले मन आहे, असे त्याने गृहीत धरू नये. आणि ज्या अस्वस्थतेला बाहेर कारण आहे, तिला लक्षणांच्या यादीत घालण्यापूर्वी थोडे थांबावे. कोणती वेदना व्याधीची आणि कोणती विवेकाची, हे सांगणारे मापयंत्र नाही. ते ठरविण्यासाठी वेदनेचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे लागते, आणि तेवढे ऐकता येईल इतकी स्थिरता ध्यान देऊ शकते. ध्यान अनुतापाचे विस्मरण घडवील अथवा त्याला तोंड देण्याचे बळ देईल. साधना बाहेरून तीच असली तरी या दोहोंत पुढे पडणाऱ्या पावलाचे अंतर आहे.

मज्झिमनिकायातील अंगुलिमालाची कथा सामान्यतः त्याच्या परिवर्तनाशी संपविली जाते. मूळ सुत्त तेथे संपत नाही. भिक्षू झालेला अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो, तेव्हा त्याच्या अंगावर ढेकळे, काठ्या आणि दगड येऊन पडतात. डोके फुटलेले, पात्र भंगलेले आणि चीवर फाटलेले, अशा अवस्थेत तो परततो. बुद्ध त्याला ते सहन करावयास सांगतो, कारण ते त्याच्याच कर्माचे फळ आहे. त्याचे चित्त शांत झाले होते, तो अर्हत् झाला होता, असे सुत्तच सांगते. तरीही ज्या लोकांची माणसे त्याने मारली होती, त्यांच्यामधून जाणारा रस्ता त्याला चुकविता आला नाही. आणि त्याने तो चुकविण्याचा प्रयत्न केला, असे सुत्तात कोठेही नाही.